मे महिन्यातली सुई: ज्येष्ठांना फ्लूची लस देताना

लसीकरण नऊला असलं तरी आमची सकाळ साडेसातला आइसपॅकपासून सुरू होते. डीप फ्रीजरमधून काढलेले चार पॅक टेबलावर सुटे मांडायचे आणि थांबायचं. आधी त्यांच्यावर पांढरट दव धरतं, मग घाम फुटल्यासारखं पाणी ओघळायला लागतं. तेव्हा एकेक पॅक कानाजवळ धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवायच्या पेटीत, घालायचा. घाईत दगडासारखा कडक पॅक घातला, तर तो शून्याच्या बराच खाली असतो आणि त्याला टेकलेली लस गोठते. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. गोठून वितळलेली लस नुसती पाहून ओळखता येईलच असं नाही. सुई टोचली जाते, पैसे जातात, रजिस्टरमध्ये नोंद होते, आणि संरक्षण मिळालं की नाही हे कोणालाच कळत नाही. म्हणून गोठल्याची नुसती शंका आली तरी तो डोस बाजूला काढायचा.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे फ्लूच्या लसीचं पहिलं नुकसान पुष्कळदा घरच्या फ्रिजमध्येच होतं. मुलगा किंवा सून मेडिकलमधून लस घेऊन येते, डॉक्टर संध्याकाळी येणार असतात, म्हणून तोवर चांगली थंड राहावी यासाठी ती बर्फाच्या कप्प्यात जाते. काळजीपोटीच केलेलं असतं, पण तो डोस फुकट गेला. दाराच्या कप्प्यातही ठेवू नये, कारण दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. ठेवायचीच वेळ आली तर मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, खोक्यासकट ठेवावी. वळवाच्या पावसात वीज गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नये. आमचा आग्रह मात्र असा की लस घरी आणूच नये. जिथे टोचून घ्यायची तिथेच साठवलेली घ्यावी, आणि ती कॅरिअरमधून किंवा फ्रिजमधून आपल्यासमोर काढली जाते आहे ना, हे बघावं. ट्रेमध्ये आधीच भरून मांडून ठेवलेली सिरिंज असेल, तर ती किती वेळ बाहेर आहे असं निःसंकोच विचारावं.

मेच का, हा टेबलापाशी येणारा पहिला प्रश्न. अमेरिकेतल्या मुलीने फोनवर ऑक्टोबर सांगितलेला असतो, आणि तिच्यापुरतं ते बरोबरच आहे. तिकडे फ्लू थंडीत येतो. पुण्यात तो पावसाबरोबर वाढतो. जुलै ते सप्टेंबर हा इथला मोठा हंगाम, आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, सहसा लहान लाट. लस टोचल्यावर प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडीज तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि उतारवयात ती काही महिन्यांतच उतरायला लागतात. म्हणून फार आधीही नको आणि फार उशिराही नको. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घेतलेली लस नेमकी कामाच्या वेळी ताजी असते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि नातवंडं दप्तराबरोबर विषाणूही घरी आणतात. त्याच सुमारास आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. वारीला जाणाऱ्यांनी प्रस्थानाच्या किमान दोन आठवडे आधी लस घेतलेली असावी, कारण मुक्कामाच्या तंबूत आणि धर्मशाळेत एकाचा खोकला दहा जणांना पुरतो. आणि मे हुकला म्हणून "आता पुढच्या वर्षी" असं करू नये. जुलैत घ्या, ऑगस्टमध्ये घ्या. हंगाम सरलेला नसतो.

टोचण्याआधी आम्ही खोकं समोरच्याच्या हातात देतो. चष्मा लावून वाचायला सांगतो. एक्स्पायरी बघायची, आणि ती कुठल्या हंगामाची लस आहे तेही बघायचं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते. पुण्यात मेमध्ये घ्यायची ती सहसा त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस. उत्तर गोलार्धाची नवी लस पावसाळा संपत येताना बाजारात यायला लागते. मेमध्ये कोणी उत्तर गोलार्धाची पुढे केली, तर ती गेल्या हंगामातली उरलेली असते आणि तिची मुदत संपत आलेली असते.

खोक्यावर विषाणूंची नावं छापलेली असतात, आणि ती वाचून दाखवली की अर्ध्या शंका तिथेच फिटतात. उदाहरणार्थ, बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१. पहिलं अक्षर प्रकाराचं, मग तो विषाणू जिथे सापडला ती जागा, मग प्रयोगशाळेचा क्रमांक, मग वर्ष. म्हणजे लसीत कोणता विषाणू आहे, तो कुठे आणि कधी मिळाला, हे नावातच लिहिलेलं असतं. शेजारी गेल्या वर्षीचं रिकामं खोकं ठेवलं तर पुष्कळदा एखाददुसरं नाव बदललेलं दिसतं. फ्लूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरची प्रथिनं थोडीथोडी बदलत राहतो, आणि शरीराने गेल्या वर्षी ओळखून ठेवलेला चेहरा या वर्षी तसाच राहत नाही. "गेल्या वर्षी घेतली की!" याला आमचं उत्तर ही दोन खोकी. आणि दोन्ही वर्षी नावं तीच असली तरीही लस पुन्हा घ्यायची, कारण अंगातली प्रतिपिंडं वर्षभर पुरत नाहीत. धनुर्वाताच्या इंजेक्शनसारखं एकदा घेतलं की काही वर्षं निश्चिंत, असं या आजारात नाही.

चार विषाणूंची लस चांगली की तिघांची, हे विचारणारेही असतात. बी प्रकारातली यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेली नाही, म्हणून आता तीन विषाणूंची लस पुरेशी मानली जाते. जी ताजी आणि नीट साठवलेली मिळेल ती घ्यावी, चौथ्यासाठी अडून बसू नये. देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नसल्यामुळे बहुतेकांना ती विकतच घ्यावी लागते. सहसा दीड-दोन हजारांच्या आसपास जाते. पेन्शनवर जगणाऱ्याला ही रक्कम लहान नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून ज्यांना दमा, जुनाट श्वासविकार, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी घरात सगळ्यांत आधी घ्यावी, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

पुण्याला स्वाइन फ्लू वेगळा समजावून सांगावा लागतो. ऑगस्ट २००९ मध्ये या साथीतला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आणि तोंडाला रुमाल बांधलेलं शहर आज सत्तरीत असलेल्यांना चांगलं आठवतं. त्यामुळे "ही साध्या फ्लूची, स्वाइन फ्लूची वेगळी द्या" अशी मागणी अजून होते. तो एच१एन१ विषाणू साथीनंतर गेला नाही, तो दर वर्षी येणाऱ्या फ्लूपैकीच एक झाला आणि २०१० पासून हंगामी लसीत त्याचा घटक असतोच. खोक्यावर "एच१एन१ पीडीएम०९" असं लिहिलेलं असतं, त्यातलं ०९ म्हणजे तेच वर्ष. वेगळी सुई लागत नाही. कोविडच्या लसीने मात्र फ्लू अडत नाही. दोन्ही विषाणू वेगळ्या कुळातले आहेत. न्यूमोनियाची लस म्हणजे न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धची लस, तीही वेगळी. फ्लूची आणि न्यूमोनियाची ही दोन्ही इंजेक्शनं एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांत देता येतात, आणि आम्ही ती देतोही.

आता सगळ्यांत चिवट समज: "लस घेतली आणि त्याच आठवड्यात मला फ्लू झाला." हे सांगणारं माणूस खोटं बोलत नसतं. त्याला खरोखरच बरं नसतं. आम्ही जी देतो ती मृत विषाणूच्या तुकड्यांची लस आहे. विषाणू वाढवून, मारून, फोडून त्यातली प्रथिनं घेतलेली असतात. एका डोसात प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम मुख्य प्रथिन असतं, आणि त्याने कोणाला फ्लू होऊच शकत नाही. मग ताप कशाचा? काहींना पहिले दोन दिवस दंड दुखतो, अंग कसकसतं, बारीक ताप येतो. शरीर लसीला प्रतिसाद देतंय एवढाच त्याचा अर्थ. काहींना दोन आठवडे पुरे होण्याआधीच बाहेरून संसर्ग झालेला असतो, म्हणजे लस घ्यायला उशीर झालेला असतो. आणि पुष्कळांना झालेला तो फ्लूच नसतो. सर्दी-खोकला करणारे विषाणू डझनांनी आहेत आणि ही लस त्यांतल्या एकट्या इन्फ्लुएन्झावर चालते.

इथे आम्ही आणखी एक गोष्ट लपवत नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. लसीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू चांगले जुळले, तर सगळ्या वयोगटांत मिळून डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. साठी-सत्तरीनंतर प्रतिकारशक्ती मंदावते, म्हणून ज्येष्ठांत हे प्रमाण त्याहून कमी पडतं, विशेषतः एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराचा जोर असतो त्या वर्षी. तरीही ज्येष्ठांनीच ती घ्यावी, कारण त्यांच्या बाबतीत प्रश्न नाक गळण्याचा नसतो. दवाखान्यात भरती होण्याचा, ऑक्सिजन लागण्याचा, त्यातून उठून पुन्हा स्वतःच्या पायाने जिना चढता येण्याचा असतो. ही गुंतागुंत लस कमी करते. पूर्ण ढाल मिळत नाही म्हणून अर्धी नाकारायची, हे आम्हाला पटत नाही.

आणि फ्लू छातीपुरता राहत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निश्चित झालेल्या माणसांना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीच्या सुमारे सहापट आढळली. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेले काका जेव्हा म्हणतात, "माझं हार्टचं आहे, मला ही फ्लूची भानगड नको", तेव्हा आम्ही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसतो आणि हे नीट समजावून सांगतो. त्यांच्यासाठीच ही लस सगळ्यांत जास्त महत्त्वाची आहे.

"मी बाहेरच जात नाही" असं म्हणणाऱ्या आजींना आम्ही विचारतो, घरात कोण कोण येतं? शाळेत जाणारा नातू, कामाच्या मावशी, केअरटेकर, दूधवाला. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवायला लागतो, त्यामुळे "आजारी कोणी आलंच नव्हतं" याला अर्थ उरत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तर सगळ्या कुटुंबाने आणि दिवसभर सेवा करणाऱ्या बाईनेही लस घ्यावी, आणि तिचे पैसे घराने द्यावेत. मुलांना सहा महिन्यांच्या वयापासून देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मोठ्यांना एकच.

आता टेबल. नावनोंदणी करतानाच चार गोष्टी विचारतो. आज ताप आहे का? चांगलाच ताप किंवा धाप असेल तर लस पुढे ढकलतो. नुसतं नाक वाहत असेल तर देतो. आधीच्या फ्लूच्या लसीने कधी अंगावर गांधी येऊन श्वास कोंडला होता का? तशी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर देत नाही. लस घेतल्यावर सहा आठवड्यांत गिलियन-बारे म्हणजे पायांपासून चढत जाणारा लुळेपणा आला होता का? तसं असेल तर त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. हा विकार दहा लाख डोसांमागे एक-दोन इतका विरळ आहे, पण विचारणं आमचं काम आहे. अंड्याची ॲलर्जी आता अडसर मानली जात नाही.

चौथा प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसेनोकुमारॉल यांपैकी काही चालू असेल तर सुई बारीक, २३ गेज किंवा त्याहून बारीक वापरतो आणि टोचल्यावर दोन मिनिटं कापूस घट्ट दाबून धरतो, चोळत नाही. काहीजण लसीसाठी म्हणून दोन दिवस आधीच गोळी बंद करून येतात. हे कधीही करू नये. स्टेंट बसवलेल्या माणसाने मनाने गोळी थांबवणं हे लसीपेक्षा कितीतरी पटींनी धोक्याचं आहे. तसंच, रक्ततपासणीसारखं उपाशीपोटी यावं लागतं असा समज असतो. मधुमेहाची गोळी घेऊन, नाश्ता न करता, मेच्या उन्हात चालत आलेलं माणूस सुई बघून चक्कर येऊन पडतं आणि दोष लसीला जातो. पोहे-उपमा खाऊन, पाणी पिऊन यावं.

टोचण्याच्या जागेबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा तपशिलात सांगतो. खांद्याच्या टोकाला हाताला लागणारं हाड असतं. तिथून दोन ते तीन बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, स्नायू सगळ्यांत जाड असतो. सुई तिथे, काटकोनात जायला हवी. घोळ होतो तो बाहीमुळे. ब्लाउजची बाही घट्ट असते, वर सरकत नाही. आजी अवघडून गळ्याकडून खांदा थोडासा उघडा करतात आणि टोचणाराही त्या उघड्या जागेतच, म्हणजे फार वर, सुई घालतो. तिथे स्नायूखाली सांध्याची पिशवी असते. लस तिच्यात गेली तर दोन दिवसांत खांदा ठणकायला लागतो आणि महिनोन् महिने केस विंचरायला हात वर जात नाही. मग "लस बाधली" असं म्हटलं जातं. बाधते ती चुकीची जागा. म्हणून सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन, आणि पुरुषांनी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून यावं. आम्ही आडोशाला पडदा लावतो, म्हणजे गरज पडली तर बाही पूर्ण काढता येते. टोचणारा उभा आणि घेणारा बसलेला असला तरी सुई नकळत वर जाते. दोघांनी बसावं.

वाळलेल्या दंडाचं गणित वेगळं. ऐंशीच्या पुढच्या, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या आजींचा स्नायू इतका पातळ झालेला असतो की २५ मिलिमीटरची सुई हाडाला टेकते. तिथे स्नायू चिमटीत उचलून धरायचा, किंवा १६ मिलिमीटरची सुई घ्यायची. उलट, भरलेल्या दंडाला हीच १६ मिलिमीटरची सुई चरबीतच थांबते, दंड जास्त लाल होऊन सुजतो. काही भरलेल्या सिरिंजला आखूड सुई जडलेलीच येते, तेव्हा अशांसाठी सुई बदलता येणारी सिरिंज आम्ही वेगळी ठेवतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, किंवा डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला असेल, तर दुसऱ्या हातात घ्यायची. हे विचारायचं राहून जातं, म्हणून घेणाऱ्यानेच आधी सांगावं.

डोस अर्धा मिलिलिटर. सिरिंज कॅरिअरमधून एका वेळी एकच काढायची, मिनिटभर हातात धरून गारवा घालवायचा, हलवायची, मग टोचायची. सरळ थंडगार गेली तर जास्त झोंबते.

नंतर अर्धा तास बसायचं. इथे कुरबूर होते, कारण डेक्कनची बस चुकते, गॅसवर कुकर ठेवलेला असतो. पण तीव्र ॲलर्जी होणारच असेल, तर बहुतेक वेळा या अर्ध्या तासातच होते. आमच्या टेबलावर १:१००० ॲड्रेनलिन, सिरिंज, बीपीचं यंत्र आणि ऑक्सिजन मांडलेलं असतं. ओठ सुजले, घसा आवळला, बीपी पडलं तर ॲड्रेनलिन अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत लगेच द्यायचं असतं. जिथे ही तयारी दिसत नाही, तिथे लस घेऊ नये असं आम्ही म्हणू. घरी गेल्यावर आंघोळ चालते, फिरायला जाणं चालतं, दही-केळं चालतं, आमरस तुमच्या साखरेला झेपत असेल तर तोही चालतो. दंड चोळू नये, शेकू नये. दुखलं तर गार पाण्याची पट्टी ठेवावी. "दुखायच्या आधीच" पॅरासिटामॉल घेऊन येऊ नये.

लस झाली तरी आजाराची ओळख हवीच, आणि इथे ज्येष्ठांच्या घरात सगळ्यांत महाग पडणारी चूक होते. ताप नाही म्हणजे फ्लू नाही, असं धरलं जातं. तरुणाला १०२ ताप भरतो, तेव्हा आजोबांना कधी ९९ सुद्धा चढत नाही. ते नुसते गळून जातात. जेवणावरची वासना जाते. रोज सकाळी पेपर वाचणारे पेपर उलटा धरून बसतात, वार चुकवतात, रात्री बाथरूमला जाताना पडतात. पावसाळ्यात घरात कोणाला खोकला-ताप असताना असं एकाएकी झालं, तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

त्याच दिवशी म्हणायचं कारण औषधाला घड्याळ आहे. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यांत चांगलं चालतं. ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे एकूण दहा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीच्या पुढचे रुग्ण जोखमीच्या गटात धरलेले आहेत. त्यांच्यासाठी हे औषध सुरू करायला तपासणीच्या रिपोर्टची वाट बघायची नसते. स्वॅब दिला असला तरी पहिली कॅप्सूल लांबवू नये. तीव्र आजारात ४८ तास उलटून गेले तरी डॉक्टर ते देतात, तेव्हा "आता उपयोग नाही" असं घरच्यांनी ठरवू नये. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर घ्यावं. आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या कॅप्सूल पुढच्या वेळेसाठी ठेवू नयेत, दहाच्या दहा संपवाव्यात.

याउलट जे पहिल्या दिवशीच सुरू होतं ते म्हणजे अँटिबायोटिक आणि सर्दीची गोळी. ॲझिथ्रोमायसिन फ्लूच्या विषाणूला काही करत नाही. सर्दीच्या मिश्रगोळीत बहुधा पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. क्लोरफेनिरामिनने झापड येते, तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. फिनाइलएफ्रिनने बीपी चढतं. वर तापासाठी पॅरासिटामॉल वेगळं चालू असतं, म्हणजे तेच औषध दोनदा. तापाला नुसतं पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांनी आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर आधी विचारून. अंगदुखीची ब्रुफेनच्या जातीची गोळी मूत्रपिंडाला आणि हृदयाला जड जाते, ती टाळावी. हळद-दूध, तुळशीचा काढा घ्यायला आमची ना नाही. घशाला बरं वाटतं, पोटात पाणी जातं. फक्त त्यावर दोन दिवस काढू नयेत, आणि उकळत्या भांड्यावर चादर घेऊन वाफ घेऊ नये. थरथरत्या हाताने भांडं कलंडून मांड्या भाजलेले रुग्ण दर पावसाळ्यात येतात.

घरात कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर असेलच. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. हात चोळून ऊब आणा, मिनिटभर थांबा, मग वाचा. आधी नेहमी ९७-९८ असणाऱ्याचा आकडा ९४ च्या खाली गेला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, नखं निळसर झाली किंवा माणूस गुंगीत गेलं तर घरी थांबायचं नाही. आणखी एक खूण लोक हमखास सोडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं, आणि मग पुन्हा ताप चढतो, कफ पिवळा-हिरवा होतो. हा बहुधा फ्लूच्या मागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो, आणि आता मात्र अँटिबायोटिकची खरी गरज असते. साखर रोज तपासावी, संसर्गात ती वाढते. जेवण कमी झालंय म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नये, डॉक्टरांना फोन करून डोस ठरवावा.

निघताना आम्ही प्रत्येकाच्या फाइलवर सिरिंजचा स्टिकर चिकटवतो. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, कुठला दंड. पुढच्या वर्षी "न्यूमोनियाची घेतली होती की फ्लूची?" हा घोळ त्याने मिटतो. त्याच फाइलमध्ये चालू गोळ्यांची यादी आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अलीकडचा रिपोर्ट लावून ठेवायला सांगतो. ओसेल्टामिविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि मूत्रपिंड मंदावलेल्यांना ७५ ऐवजी ३० मिलिग्रॅमची कॅप्सूल लागते, कधी दिवसातून एकदाच. रविवारी रात्री डॉक्टरांनी फोनवर "क्रिएटिनिन किती आहे?" असं विचारलं, तर तो कागद हाताशी असला पाहिजे. म्हणून फाइल कपाटात न ठेवता फ्रिजवर ठेवावी आणि ती तिथे आहे हे घरात येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवावं.